पोकळ फरशी

१

घर बांधायला काढलं की सल्ला देणारी माणसं कुठून कुठून येतात. रुक्मिणीनं मरोळला घर बांधायला घेतलं तेव्हा पानवाल्यापासून नणदेपर्यंत प्रत्येकानं तिला काही ना काही शिकवलं. जोतं रस्त्याच्या वर घ्या, नाहीतर पावसाळ्यात गटार घरात. रेती मुठीत दाबून बघा, हाताला चिखल राहिला तर गाडी परत पाठवा. गिलाव्याला पाणी मारायला आळस केलात तर भिंत भेगाळलीच म्हणून समजा. रुक्मिणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि त्यातलं जे पटलं ते केलं. गवंड्याच्या हाताखाली स्वतः घमेली उचलली, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

तिचा नवरा जयवंत परळच्या एका गिरणीत विणकर होता. संप झाला, रखडला, फुटला. पंचाऐंशी साल उजाडेपर्यंत गिरणी पुन्हा सुरूही झाली, पण आत घेतलेल्या जुन्या माणसांत जयवंत नव्हता. लालबागची भाड्याची खोली सोडावी लागली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागं, गल्लीच्या अगदी टोकाला दोन पडक्या खोल्या होत्या. त्या तिनं घेतल्या, पाडल्या आणि त्या जागी नव्या उभ्या केल्या. नातेवाईक म्हणाले, नवऱ्याला धड काम नाही आणि ही घर बांधतेय. ती म्हणाली, काम नाही म्हणून काय उघड्यावर झोपायचं?

पुढची खोली बसायची, मागची स्वयंपाकाची. मागच्या खोलीत ती वसाहतीतल्या कामगारांचे डबे करायची. भल्या सकाळी डबे गेले की हातात लाटणं घेऊन पुढच्या खोलीत यायची आणि नव्या शहाबादी फरश्या एकेक करून ठोकून बघायची. ही युक्ती खंडू मिस्त्रीनं शिकवली होती. फरशीखाली सिमेंट-रेतीचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, टक्. खाली पोकळी राहिली असेल तर डब्. पोकळ फरशी आज ना उद्या फुटणारच.

पहिल्याच आठवड्यात तिला उंबऱ्याला लागून असलेली फरशी पोकळ लागली. खंडू आला, आपल्याच कामावर चिडला, फरशी उचलून खाली पुन्हा माल भरला आणि वर उभं राहून दोन्ही पायांनी दाबली. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीनं तीच फरशी ठोकली. टक्. तिला बरं वाटलं. मग सवयीनं शेजारची ठोकली.

डब्.

२

घूस, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि रुक्मिणीलाही तेच पटलं. मरोळात घुशींचा सुळसुळाट होताच. एकेक घूस मांजराएवढी. नालीकडून माती उकरत आली तर फरशीखालची जमीन पोखरणारच. तिनं घराभोवती फेरी मारून बीळ शोधलं. जोत्याला कुठंही भोक नव्हतं. तरी काचांचे तुकडे आणि सिमेंट कालवून तिनं चारी बाजूंनी कडेला लावलं.

त्यानंतर शेजारची फरशी भरीव झाली. तिला कोणी हात लावला नव्हता. आता तिसरीच पोकळ लागत होती.

रुक्मिणी फार शिकलेली नव्हती, पण भाबडीही नव्हती. तिला वाटलं, आपलीच गफलत होतेय. सगळ्या फरश्या सारख्याच दिसतात, रोज कुठली ठोकली ते कुठं लक्षात राहतं? म्हणून तिनं शुभाकडून खडू मागितला. शुभा तिची मुलगी, वसाहतीतल्याच एका कंपनीत टायपिस्ट होती आणि संध्याकाळी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. जी फरशी पोकळ लागेल तिच्यावर रुक्मिणी खडूनं फुली मारू लागली आणि झाडताना ती फुली पुसली जाणार नाही याची काळजी घेऊ लागली.

फुल्या वाढत गेल्या. पोकळपणा काही दिवस एका जागी राही, मग पुढं सरके. मागं कधी आला नाही. एका दुपारी शुभा कंपनीतून लवकर आली आणि दारातच थांबली. खोलीच्या खिडकीपर्यंत गेलेल्या फुल्यांकडं ती बघत राहिली. मग चप्पल काढून तिनं पहिल्या फुलीवर डावा पाय ठेवला, दुसरीवर उजवा, तिसरीवर डावा. तिला पाय लांब टाकावा लागला नाही की आखडता घ्यावा लागला नाही.

"आई," ती म्हणाली, "हे कोणीतरी चालत आल्यासारखं आहे."

रुक्मिणीनं ओलं फडकं आणून सगळ्या फुल्या पुसून टाकल्या. असलं काही डोक्यात भरवून घ्यायचं नाही, असं ती मुलीला म्हणाली. पण पुसताना शेवटची फुली कुठं होती ते तिनं नीट पाहून ठेवलं. खिडकीजवळ जयवंतची लाकडी खुर्ची होती. ती फुली त्या खुर्चीच्या पुढ्यात होती, जिथं बसल्यावर त्याचे पाय टेकत.

३

जयवंत मुळात बसणारा माणूसच नव्हता. गिरणीत मागापुढं उभं राहून त्याची जवानी गेली होती. घरी आला तरी काही ना काही करत राहायचा, नाहीतर चाळीत खाली भजनाला. मरोळला आल्यावर त्याला एका गाळ्यात राखणदारीचं काम मिळालं. काही दिवस गेला. मग एक दिवस गेला नाही, दुसऱ्या दिवशी गेला नाही. रुक्मिणीनं विचारलं तर म्हणाला, उद्या बघू. आणि खिडकीपाशी बसून राहिला.

सुरुवातीला तिला वाटलं, संपाचा धक्का आहे. तसे बरेच जण झाले होते. कोणी दारू धरली, कोणी गावाला जाऊन बसले. हा निदान घरात बसतोय. पण फुली खुर्चीपुढं आली त्या आठवड्यापासून लाटण्यानं ठोकून तिला कळत होतं, पोकळपणा आता हलत नव्हता. जयवंतच्या पायांखाली येऊन तो थांबला होता.

तिनं खुर्ची हलवली, दुसऱ्या भिंतीला लावली. ती डबे देऊन परत आली तेव्हा खुर्ची पुन्हा खिडकीपाशी होती आणि तो तिच्यात बसला होता. पाठ ताठ, दोन्ही तळवे फरशीला सपाट टेकलेले. पायाचं एक बोटही हलत नव्हतं. माणूस बसला की पाय हलवतो, पायावर पाय घेतो, माशी हाकलतो. हा तसं काही करत नव्हता.

रुक्मिणी खाली बसली आणि त्याच्या पायाला हात लावला. घोट्यापासून खाली पाय गार होता. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, पत्रे तापून कडकड वाजत होते, आणि त्याचे तळवे माठाच्या बुडासारखे गार.

ती त्याला म्हणाली, जरा फिरून या, चहा घेऊन या, रस्त्यावर तरी उभे राहा. तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला,

"हय बरा वाटता गो. खालसून कोणतरी टेकू दिल्यासारख्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जयवंतनं आपल्याला कोणाचा आधार लागतो असं कधी म्हटलं नव्हतं.

४

तिनं खंडूला पुन्हा बोलावलं. खंडू आला तो भांडायच्या तयारीनंच आला. एका खोलीची फरशी कितीदा काढायची, असं पुटपुटत त्यानं थापी उलटी धरली आणि दांड्यानं ठोकायला लागला. जयवंतला त्यानं पाय वर घ्यायला सांगितले. जयवंतनं ऐकलं नाही, म्हणून तो त्याच्या पायांच्या भोवतीनंच ठोकत गेला. टक्, टक्, टक्. मग दोन्ही पावलांच्या मधल्या जागेत, डब्.

"इथंय बघा," खंडू म्हणाला. त्यानं थापी बाजूला ठेवली आणि कान खाजवला.

डब्.

खंडूचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. थापी त्याच्या गुडघ्याशी पडली होती. रुक्मिणी दारात उभी होती, तिच्या हातात काही नव्हतं. तिनं जयवंतकडं पाहिलं. त्याची पावलं जागची हलली नव्हती.

"पाटा ठेवला असेल कोणी शेजारी," रुक्मिणी म्हणाली. ते तिचं तिलाच पटलं नाही, कारण हे घर गल्लीच्या टोकाला होतं आणि त्या भिंतीपलीकडं मोकळं रान होतं.

खंडूनं थापी पिशवीत टाकली. सपाटी बघायची पाणसळ, दोरी, सगळं गोळा केलं. चहा ठेवलाय म्हणून तिनं सांगितलं तरी थांबला नाही. दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाला की वैनी, दुसरा मिस्त्री बघा, हे काम माझ्याच्यानं होणार नाही. गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत तो रस्त्याच्या मधून चालत गेला, फरसबंदी टाळून, मातीतून.

५

कांदिवलीहून रुक्मिणीचा भाऊ धाकू आला. शुभानं त्याला फोन केला होता. धाकू मनानं चांगला, पण घाबरट. त्यानं खोलीत पाऊल टाकलं, जयवंतकडं पाहिलं आणि बहिणीला मागच्या खोलीत ओढलं. म्हणाला, घर विकून टाक. भाड्यानं दे. कुलूप लाव आणि माझ्याकडं चल, पोटमाळा आहे, राहाल तिघं. जागा काय, पुन्हा होईल. भावोजींची दशा बघ.

तो बोलत होता ते खोटं नव्हतं. रुक्मिणीही रात्री पडल्या पडल्या हाच विचार करायची. पण त्या क्षणी धाकूच्या तोंडून तो ऐकला आणि तिच्या आत काहीतरी कडक झालं. लालबागची खोली सोडताना तिनं मुकाट्यानं सामान बांधलं होतं. गिरणीच्या दारावर हजारो बायका उभ्या होत्या, त्यांत तीही होती, आणि दार उघडलं नाही तेव्हा ती मुकाट्यानं परत आली होती. या भिंतींतली एकेक वीट तिच्या हातून गेली होती. सिमेंटनं बोटांची कातडी सोलून निघाली होती. आणि आता जमिनीखालच्या कशासाठी तरी, ज्याचं नावही कोणाला सांगता येत नव्हतं त्याच्यासाठी, तिनं पुन्हा सामान बांधायचं?

"मी कुठं जात नाही," ती धाकूला म्हणाली. "ज्याला जायचंय त्यानं जावं. खाली असेल त्यानं जावं."

धाकू जेवणाला थांबला नाही.

त्याच दुपारी तिनं जयवंतला उठवायचं ठरवलं. शुभा घरी होती. दोघींनी त्याला काखेत हात घालून धरलं. माणूस अंगानं उतरला होता, हाडं हाताला लागत होती, तरी तो उचलेना. वरून हलका आणि पायांत शिशासारखा जड. "माका उठूक जमणा नाय गो," तो हळू म्हणाला, रागानं नाही, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसा. रुक्मिणीनं दात आवळले आणि जोर लावला.

त्याचे तळवे फरशीवरून सुटले. ओल्या परातीला चिकटलेलं पीठ सुटावं तसा बारीक आवाज झाला.

लगेच, फरशीच्या खालून, तसाच आवाज पुन्हा झाला.

शुभानं आईकडं पाहिलं. रुक्मिणी म्हणाली, सोडू नकोस, चल. दोघींनी त्याला मागच्या खोलीतल्या खाटेवर नेऊन निजवलं, पायांना गोधडी गुंडाळली आणि पायथ्याशी चुलीची ऊब येईल अशी खाट ओढली.

६

दुसऱ्या दिवशी तिनं डबे केले नाहीत. ज्यांचे होते त्यांना शुभाकडून निरोप पाठवला. शेजाऱ्याकडून पहार आणली, जमीन चोपायची धुम्मस आणली. धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याला खाली जाड लोखंडी पाट, उचलायची आणि आदळायची. जोत्याची भर चोपताना तिनं ती बरीच वापरली होती. अंगणात फुटक्या दगडांची उरलेली डबर होती, दोन गोणी मुरूम होता. तिला जे काही येत होतं तेवढंच ती करणार होती.

खुर्ची बाहेर काढली. पहारीचं टोक सांध्यात घातलं आणि दाबलं. माल इतक्या महिन्यांत दगड झालेला होता. घाव घालून सांधा मोकळा केला, मग फरशी वर आली. दोघींनी मिळून ती उभी केली आणि भिंतीला टेकवली, खालची बाजू पुढं.

फरशीच्या खालच्या अंगाला सिमेंटचा थर चिकटून आला होता. त्या थरात दोन पावलं उमटली होती.

शुभा म्हणाली, मिस्त्रीनं माल पसरताना पाय दिला असेल. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. रुक्मिणीनं ठशावरून बोट फिरवलं. मिस्त्रीनं मालावर पाय दिला असता तर ठसा वरून पडला असता, फरशीकडच्या बाजूनं. हा खालून पडला होता, मातीकडच्या बाजूनं. टाचा, चवडे, पसरलेली बोटं, सगळं वर दाबलेलं, कोणी छत पायानं उचलून धरावं तसं. जयवंतची पावलं रुंद आणि आखूड होती. ही लांब होती, अरुंद होती, आणि बरोबर त्याच्या पावलांच्या जागी होती.

रुक्मिणीनं शुभाला पाणी आणायला पाठवलं. मुलीनं आणखी काही बघू नये, एवढाच तिचा हेतू होता.

मग ती खड्ड्याकडं वळली. खाली ओलसर काळी माती होती, चोपल्यासारखी गुळगुळीत. बीळ नव्हतं, पोखरलेलं नव्हतं. ती वाकून बघत होती. माती हलली.

पांघरुणाखाली निजलेल्या माणसानं पाय ताणावे तशी हलली. दोन ठिकाणी फुगली, शेजारी शेजारी. वर आली, थोडी थांबली, जणू वर टेकायला काही सापडतं का ते चाचपत होती. काही सापडलं नाही. मग हळूहळू खाली बसली आणि माती पुन्हा सपाट झाली.

रुक्मिणीनं धुम्मस जवळ ओढली.

७

"ती फरशी लाव गो परत."

जयवंत मधल्या दारात उभा होता. गोधडी पायांतून गळून पडली होती. एवढ्या दिवसांत आज तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता, आणि कुठं चालत आला ते तिला दिसत होतं. त्याची नजर खड्ड्यावर होती. त्यानं एक पाऊल टाकलं. तहानलेला माणूस विहिरीकडं जातो तसा तो खड्ड्याकडं चालला होता.

ती मध्ये उभी राहिली. तो थांबला नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हलकेच बाजूला सारायला लागला, म्हणाला, वायच टेकान येतंय, सोड माका. त्याच्या आवाजातली ती गोड समजूत तिला सहन झाली नाही. तिनं धुम्मस उचलली आणि दांडा त्याच्या छातीशी आडवा धरला.

"इतकी वर्षं मागापुढं उभे राहिलात," ती म्हणाली. "पाय सुजले तरी कधी बसला नाहीत. गिरणीनं बाहेर काढलं तेव्हा आपण गप्प राहिलो. आता या घरातून मी कोणाला काढू देणार नाही. वरून नाही आणि खालूनही नाही. तुम्हांला जायचं असेल तर माझ्या अंगावरून जा."

जयवंत तिच्याकडं बघत राहिला. तिला वाटलं, आता हा ढकलेल. पण त्यानं ढकललं नाही, आणि मागंही हटला नाही.

तिनं त्याच्याकडं पाठ केली. पाठ करायला सगळ्यात जास्त धीर लागला. दोन्ही हातांनी डबर ओढून खड्ड्यात लोटली, मोठे दगड आधी, मग लहान, वर मुरूम. शुभानं आणलेलं पाणी ओतलं. मग धुम्मस उचलून आदळली. धप्. पुन्हा उचलली. धप्. दगड एकमेकांत बसत गेले.

तिसऱ्या-चौथ्या घावाला खालून उत्तर आलं.

धप्.

आधी तिचा घाव, मग खालचा. ती आदळायची, खालून आदळायचं. दगड वर उडून बाजूला पडायचे. ती ते उचलून पुन्हा आत टाकायची. बाहेर वसाहतीत यंत्रं चालू होती, कोणाचा तरी रेडिओ चालू होता, ऊन खिडकीतून थेट खड्ड्यावर पडलं होतं. जग नेहमीसारखं चाललं होतं आणि तिच्या पायाखाली कोणीतरी आत यायला बघत होतं. तिच्या दंडांत गोळे आले. श्वास पुरेना. खालचा घाव मात्र जरासुद्धा मंदावत नव्हता. मध्येच ती दमून थांबली, तेव्हा तो एकटाच चालू राहिला. धप्. धप्. धप्.

"ठोक," ती धापा टाकत खाली वाकून म्हणाली. "तू खालून ठोक. बघू कोण आधी दमतं."

तिनं धुम्मस उचलायचा प्रयत्न केला. ती खांद्यापर्यंतही गेली नाही.

मग दुसरे हात दांड्यावर आले. जयवंतचे. त्यानं तिच्या हातांतून धुम्मस काढून घेतली. एक क्षण तिला कळेना की तो काय करणार आहे. त्यानं पाय फाकवले, मागापुढं उभा राहायचा तसा, कंबर घट्ट केली आणि घाव घातला. सगळं घर हादरलं. फळीवरची भांडी वाजली. त्यानं दुसरा घातला, तिसरा घातला, खालच्याला मधे जागाच दिली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो थांबत नव्हता.

रुक्मिणी दगड भरत राहिली, शुभा पाणी ओतत राहिली. ऊन खिडकीतून निघून भिंतीवर चढलं तेव्हा जयवंत थांबला. तिघं कान देऊन उभी राहिली.

खाली काही वाजलं नाही.

८

फरशी रुक्मिणीनंच बसवली. खालचा ठसा असलेली नाही, नवी आणली. जुनी तिनं घणानं फोडून तिचे तुकडे खड्ड्यातच भरले होते. माल कालवला, पाणसळ लावून बघितली, दोरीनं सांधे जुळवले. खंडूच्या कामाहून उन्नीस-बीस असेल, पण बसली. ठोकली की टक्.

जयवंत कामाला जायला लागला. आधी गाळ्यात, मग त्याच वसाहतीत एका छापखान्यात मशीनवर लागला, पुन्हा उभ्याचं काम. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही. घरात आला की चप्पल काढायला मात्र वेळ लावायचा. खुर्ची त्यानं एका भंगारवाल्याला देऊन टाकली, बायकोला न विचारता.

गणपतीच्या आधी धाकू आला. आता त्याला घर आवडलं. भिंतींना पिवळा रंग दिला होता, खिडकीला पडदा होता. पुढच्या खोलीत चटईवर बसून त्यानं फरशीवर हात फिरवला, मग लाजत, मुठीनं जरा ठोकून बघितलं. स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला,

"रुक्मे, ते सगळं थांबलं ना गं?"

"झकास बसलीय फरशी," ती आतून म्हणाली. "सगळी खोली ठोकून बघ."

ते खरंच होतं. त्या खोलीत सगळं भरीव होतं.

रुक्मिणी ओट्यावरच्या चुलीपुढं तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती. डब्यांसाठी रोज जिथं ती उभी राहायची, पहाटेपासून दुपारपर्यंत, तिथंच उभी होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला तेव्हा टाचेखालचा गारवा तिला जाणवला. पाऊस सुरू झाला तेव्हापासून तो तिथं होता. तिनं जयवंतला सांगितलं नव्हतं, शुभालाही नाही. आपल्यापाशी आलाय तर आपल्यापाशीच राहू दे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. इथं बसायला कोणाला सवड होती?

डब्, खालून वाजलं. अगदी हलकं, दारावर बोट मारावं तसं.

पुढच्या खोलीत धाकू बोलायचा थांबला. "काय गं पडलं?"

रुक्मिणीनं टाच उचलली आणि सगळं अंग घालून आपटली. फळीवरचे डबे खणखणले. तव्यावरची भाकरी जागची हलली.

ती ऐकत उभी राहिली. खाली सगळं गप्प होतं, एखादं माणूस श्वास धरून उभं राहतं तसं गप्प.

"काही नाही," ती म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.